जॅकवेलमधली पाणबुडी

बारामती,
९ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास शंभूराजचा सा. न. वि. वि.

चार दिवस फोन करतोय, तू उचलत नाहीस. दाजी दवाखान्यातून घरी आले हे मला पंपावरच्या म्हस्कूकडून कळावं? शेवटी दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलो.

गावात माझ्याबद्दल काय बोललं जातंय ते इथपर्यंत आलंय. मेव्हण्यानं खेळण्यापायी दाजींना विहिरीत घातलं म्हणे. अक्का, ते खेळणं नव्हतं. नदीकाठच्या त्या पाणी उपसायच्या विहिरीत, जॅकवेलमध्ये, जलपर्णी अडकली की पंप बंद करून जाळी साफ करायला बारा वर्षं दाजीच खाली उतरतात. त्यांना निदान बघायला तरी उतरावं लागू नये, कॅमेऱ्यानं वरूनच कळावं, म्हणून मी पाच महिने राबून ती रिमोटची पाणबुडी केली. पाण्याखाली साधा रिमोट पोचत नाही म्हणून जुन्या पद्धतीचा लांब एरियलचा रिमोट शोधून आणला. दुकानातल्या टाकीत ती पन्नास वेळा खाली गेली आणि पन्नास वेळा वर आली.

तुमच्याकडं खाली गेली ती वर आली नाही, कारण दाजींनी सोडताना ती कठड्यावर आदळली. फट पडली, पाणी आत शिरलं, आतली सर्किटं गेली. हे मी तिथंच सांगितलं. खाली उतरा असं मी कुणाला म्हणालो नव्हतो.

दाजींना जपून राहा म्हणावं. माझ्यावरची माया एवढ्यात आटवू नकोस.

तुझा,
शंभू

नरसिंहपूरजवळून,
१२ फेब्रुवारी

चि. शंभूराज यास आशीर्वाद. रीत म्हणून लिहिलाय, आतून आलेला नाही.

फोन उचलत नाही कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदावर मला कोण अडवणार?

उतरा म्हणाला नाहीस, खरंय. पण दहा माणसांत, पाणी संस्थेचे चेअरमन बापूसाहेब समोर उभे असताना, तू ह्यांच्यावर ओरडलास की तुम्ही आदळलीत, माझे पाच महिने पाण्यात घातलेत. मी भाकरी घेऊन आले होते, माझ्या कानांनी ऐकलं. ह्यांनी शर्ट काढला, कमरेला नेहमीची दोरी बांधली आणि उडी मारली. न विचारता. तुला काय वाटलं, हौसेनं मारली?

तळाला कुणीतरी टाकलेलं मासे धरायचं जाळं होतं, त्यात पाय गुंतला. ह्यांच्या कमरेची दोरी म्हस्कूनं अन् आणखी दोघांनी ओढली म्हणून माझं कुंकू राहिलं. वर काढले तेव्हा अर्धवट शुद्धीत होते, पण बोटं तुझ्या पाणबुडीवर आवळलेली. म्हस्कूला एकेक बोट उघडावं लागलं. आणि तुझ्या पाणबुडीला दोरी का नव्हती? बांधू का म्हणून ह्यांनीच विचारलं होतं. दोरी बांधायची तर रिमोट कशाला, असं म्हणून हसलास.

उद्या दुधाच्या टेम्पोतून ती पाठवतेय. तिला इथं कुणी हात लावलेला नाही. उघड, आणि पाणी कुठून शिरलं ते मला दाखव. दाखवता येत नसेल तर पुन्हा ह्यांचं नाव घेऊ नकोस.

तुझी मोठी बहीण,
मनिषा

बारामती,
१७ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

झाकणाचे सहाही स्क्रू काढले. आत हात घातला, मग कोरडा टिश्यू फिरवला. अक्का, आत पाण्याचा थेंब नाही. कवचाला कुठं चीर नाही. दाजींनी ती आदळली असेल किंवा नसेल, त्यानं काही झालेलं नाही.

मग तीन दिवस दुसरं काम घेतलं नाही. बॅटरी चार्ज केली, रिमोट दाबला, सगळं चालू. मोटर, सुकाणू, कॅमेरा, सगळं. आतला छोटा पंप तिच्या पोटातल्या टाकीत पाणी घेतो तेव्हा पाणबुडी बुडते, तेच पाणी बाहेर फेकतो तेव्हा वर येते. तो पंपही चालला. मला स्वतःचाच राग आला. यंत्र बिघडलेलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी पंपाची बाहेर जाणारी नळी अंगठ्यानं दाबली. खाली खोल पाण्याचा दाब असतो, तसा. रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरचा हिरवा दिवा विझला. अंगठा काढला, लागला. नऊ वेळा केलं, नऊ वेळा विझला. दाबाविरुद्ध पंप एवढा करंट ओढतो की त्याच बॅटरीवरचा रिसीव्हर उपाशी पडतो. रिसीव्हर बंद पडला की पंप बंद, परत चालू झाला की परत तेच. दुकानातली टाकी दोन फूट खोल, तिथं दाब कसला?

तो दिवा एकदा इथंही विझला होता, जानेवारीत. मी पाहिला. वायर सैल असेल म्हणून दाबून बसवली आणि पुढं गेलो. त्या दिवशी कठड्यावर उभा होतो तेव्हा ते मला आठवलं होतं. तरी दाजींवर ओरडलो, कारण सगळे माझ्याकडं बघत होते.

रिसीव्हरला वेगळी बॅटरी देतोय. सिग्नल तुटला तर शिशाचं वजन आपोआप सुटून ती वर येईल असा खटका बसवतोय. आणि दोरी बांधतोय.

हे पत्र दाजींना वाचून दाखव. तू बोलशील ते ऐकीन.

शंभू

नरसिंहपूरजवळून,
२१ फेब्रुवारी

चि. शंभूराज यास आशीर्वाद.

काल वाचून दाखवलं. दोनदा, मोठ्यानं. ऐकून हे म्हणाले, "म्हंजी मी आदळली न्हवती." एवढंच. सोळा दिवस हा माणूस खाटेवर पडून तेच उगाळत होता आणि मला एका शब्दानं बोलला नाही.

बॅटरी कमी पडली याचा मला राग नाही. कारखान्यातली मोठमोठी यंत्रंही बंद पडतात. तुला आठवलं होतं आणि तू दुसऱ्याचं नाव घेतलंस, हा राग आहे. तो पत्रानं जाणार नाही. तू लिहिलंस म्हणून मी वाचते तरी आहे, एवढं समज.

परवा बापूसाहेब आले होते, पुन्हा कधी उतरणार म्हणून विचारायला. मी उंबऱ्यातच सांगितलं, आता उतरणार नाहीत. जाळीचं काय, ते म्हणाले. मी म्हटलं, माझा भाऊ येतोय, तो सांगेल.

तेव्हा रविवारी ये. पाणबुडी आण किंवा नको आणू. त्या दिवशी कठड्यावर होते त्या सगळ्यांना म्हस्कू बोलावणार आहे. त्यांच्यासमोर ह्यांना तुझ्या तोंडानं सांग. जेवायला मात्र घरीच ये, तेवढं नातं मी तोडलेलं नाही.

तुझी अक्का

ता. क. इंदापूरच्या डॉक्टरांनी काल सांगितलं, डाव्या कानाचा पडदा पाण्याच्या दाबानं फाटलाय, त्या बाजूनं आता ऐकू येणार नाही. सांगशील तेव्हा उजव्या बाजूला बस.