चोवीस घरांचं मऊ पाणी

ती. ताईस साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे चालताहेत आणि भाऊजी बोलताहेत, असं धरून चालतो. आम्ही सगळे बरे आहोत, फक्त मुलगा आणि सूनबाई वेगळं घर बघताहेत. कारण काय, तर नळाचं पाणी!

जड पाण्याने सूनबाईचे केस राठ झाले, गिझरमध्ये पांढरा थर बसला, आणि तिने मला, शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला, विचारलं, "बाबा, एवढं शुद्ध करता, मग मऊ करूनच का नाही सोडत?" अगं, माझी छाती फुगली. मी तासभर समजावलं, की जड पाणी प्यायला वाईट नाही, उलट पाइपांना आतून पातळ अस्तर घालतं. आणि शहरभराचं मऊ करायचं तर मिठाचे डोंगर लागतील, वर ते खारट सांडपाणी टाकायचं कुठे? (तिने तीन जांभया सभ्यपणे गिळल्या.) शेवटी मुलाने घरापुरतं मशीन आणलं. प्लंबर आला, त्याला मी जिन्यातूनच परत पाठवलं (माझ्या घरी प्लंबर म्हणजे आचाऱ्याच्या घरी बाहेरचा डबा!). गच्चीवर मी स्वतः जोडणी केली, आणि देखणी केली. एवढंच की ती आमच्या नळाऐवजी इमारतीच्या मुख्य नळावर झाली. दोन दिवसांत मिठाच्या पाच गोण्या फस्त! आणि चोवीस घरांचं ते मऊ पाणी गेलं कुठे? संडासात, गाड्या धुण्यात, कुंड्यांत. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर अंगावरचा साबण सुटेना म्हणून पाऊण तास नळाखाली उभे होते. रक्तदाबवाल्या वकीलबाईंनी, या पाण्यात मिठाचा अंश उतरतो का, असं लेखी विचारलं (थोडा उतरतो, असं मीही लेखी कळवलं). मग मला जाब विचारायला बैठक बसली. मी ताठ मानेने सांगितलं, की नगरपालिका हा उद्योग का करत नाही, ते मी स्वखर्चाने सिद्ध करून दाखवलंय. टाळ्या पडल्या नाहीत, पण मुद्दा एकालाही खोडता आला नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. मशीन आता आमच्याच नळावर आहे. प्लंबरने लावलं.

आणखी एक ता. क. सूनबाईचे केस छान झालेत, असं ती स्वतःच म्हणते. तरी घर बघणं थांबलेलं नाही. म्हणजे त्रास पाण्याचा नव्हता, माझ्या बोलण्याचा असावा. ताई, तू तिला फोन कर. मी सांगायला गेलो की लांबतं. तू एका वाक्यात सांग, की तुम्ही दोघं बाबांना घरात हवी आहात. कारणं देऊ नकोस.