गोविंदाची दाढ

तारनाका, हैदराबाद
ता. ८ जुलै २०२४

चि. सौ. प्रमिला हिस, अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून हा कागद. आपल्या गोविंदाची दाढ अजून तोंडातच आहे. दवाखान्यातला फॉर्म मीच भरला; धाकट्याच्या वतीनं थोरल्यानं बोलायची आपली रीत. दारूच्या रकान्यात ठसठशीत ‘नाही’ लिहिलं. वर डॉक्टर सत्यवतींना ऐकवलंही, की आमच्या घरात कुणी थेंबाला शिवत नाही. गोविंदा खाली बघत होता.

तीन इंजेक्शनं झाली, हिरडी बधिर होईना. चिमटा लागताच त्याच्या डोळ्यांत पाणी. मी चौथीच्या पुस्तकातली चांदोबाची कविता म्हणत राहिलो. लहानपणी तापात तो तीच ऐकत झोपायचा. डॉक्टर थांबल्या. म्हणाल्या, आत पू आहे खरा, पण रोज पिणाऱ्यांनाही हे औषध कधी कधी लागू पडत नाही, आणि लिव्हर बिघडलं असेल तर आणखी देणं धोक्याचं. पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाहीच म्हटलं. गाल सुजलाय, ताप आहे. थकलो गं.

लोभाला खंड नको.
नामदेवदादा


बिदर
ता. १० जुलै

ती. दादांस, सा. न.

दादा, तुम्ही अजून चांदोबातच. वृषालीवहिनी वारल्या नि गोविंदाचा संसार मोडला, तेव्हापासून, अठरा वर्षं, तो रोज पितो. तुमचं मन मोडेल म्हणून त्यानं मला शपथ घातली होती. तुमचा शब्द खोटा पडू नये म्हणून बिचाऱ्यानं चिमटा सोसला. घराण्याचं नाव राहू द्या बाजूला. पत्र पोचताच डॉक्टरांना खरं सांगा, नाहीतर मीच बस धरते.

रागावले तरी माया तीच आहे.
तुमची प्रमिला


हैदराबाद
ता. १५ जुलै

चि. सौ. प्रमिला, आशीर्वाद.

तुझं पत्र गोविंदापुढं ठेवलं. एवढंच म्हणाला, की हौ दादा, तुम्ही कधी विचारलंच नाही.

डॉक्टर सत्यवती रागावल्या नाहीत. तापावर गोळ्या दिल्या. दाढ मोठ्या दवाखान्यात, रक्त तपासून, बेताबेतानं औषध देऊन काढायची. दारूही घरी एकदम तोडायची नाही, झटके येतात. भरती करून तिथलेच डॉक्टर ती सोडवतील.

आज तिथं आलोय. नर्सनं नाव पुकारलं, तसा सवयीनं मीच पेन काढून उठलो. गोविंदानं खांद्यावर हात ठेवून मला बाकावर बसवलं. आत गेला, आणि दार ओढून घेतलं.

आम्हा दोघांवर माया राहू दे.
नामदेवदादा