योगिनी मामाच्या गावी नव्हती

॥ श्री बालाजी प्रसन्न ॥

पळसवाडी, ता. देऊळगाव राजा
दि. ४ डिसेंबर २०२३

ती. अन्नपूर्णाअक्कास,
धाकटा भाऊ कडूबा याचा सा. न. वि. वि.

तुझ्या कानाचं मशीन पुन्हा शिट्ट्या मारतंय, असं शेखरनं फोनवर सांगितलं. म्हणजे आता तू, मी आणि पोस्टमन. बरंच झालं. फोनवर तुझ्याशी ओरडून बोललो की सगळ्या शाळेला कळतं, आणि मला जे सांगायचंय ते शाळेला कळायला नको.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी रात्री गारा पडल्या. आवळ्याएवढ्या, खोटं नाही. आपला हरभरा झोपला, पण उठंल. ज्यांनी मिरची-टमाट्याच्या बियाण्यासाठी शेडनेट उभारलेत त्यांच्या जाळ्या कपडे फाटावेत तशा फाटल्या. शाळेच्या सायकल स्टँडचे दोन पत्रे उडून उकंडरावांच्या गोठ्यावर गेले. ते त्यांनी परत दिले नाहीत, गोठ्याला शोभतात म्हणे.

आता मनातलं. जूनमध्ये आमच्या विद्यालयात बुलडाण्याहून डिंपल मॅडम आल्या. वय असंल सव्वीस. आठवीच्या वर्गशिक्षिका. आल्या आल्या त्यांनी फाटकापाशी एक फळा लावला. रोज त्यावर वर्गवार पट किती, हजर किती. पोरं आली नाहीत की दुपारी स्कूटी काढून थेट घरी. दिवाळीआधी आठवीचा आकडा सलग महिनाभर पट त्रेचाळीस, हजर त्रेचाळीस. पेपरात फोटो आला. फोटोत मी पण आहे, उजव्या कडंला, अर्धा. हातात पाण्याची कळशी.

अक्का, सव्वीस वर्षं मी या शाळेचा शिपाई. कापसाच्या वेचणीतून, बकऱ्यांमागून, बाजारातून, कुठून कुठून पोरं सायकलच्या क्यारियरवर घालून आणली. माझा फळा कोणी लावला नाही. मी दारात गेलो की लोक आतूनच ओरडायचे, आलास का कडूबा, थांब, धाडतो. मॅडम गेल्या की खुर्ची निघते, खुर्चीवर चादर पडते, चहात विलायची पडते. आमची सिंधू तर कहरच करते. परवा शेंगदाण्याची चटणी कुटली, मी ताट घेऊन बसलो, तर सख्ख्या नवऱ्याला म्हणे, ही मॅडमसाठी आहे, एकटी राहते बिचारी. मी काय गावात मिरवणुकीनं राहतो का?

हे कोणाजवळ बोलू? तू हसशील. हस. पण पत्र लिही.

दाजींच्या फोटोला माझा नमस्कार सांग. तुझी माया पातळ होऊ देऊ नको, हीच विनंती.

तुझा
कडूबा

*

खामगाव
दि. ९ डिसेंबर २०२३

चि. कडूबास अन्नपूर्णाबाईचे अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. हसली. इतकी हसली का वंदना सैपाकघरातून धावत आली, आत्याबाईले काई झालं का म्हणून. सत्तावन्न वर्षाचा घोडा चटणीसाठी रुसून राह्यला, मंग माणसानं काय करावं?

आता माह्यं आयक. वंदना या घरात सून होऊन आली, पहिल्या महिन्यात शेखर म्हणे, आई, वंदनाच्या हातची दाळ वेगळीच लागते. बस, तेवढंच. दुसऱ्या दिवशी ती आंगण झाडत होती तवा म्या तिच्या दाळीत मूठभर मीठ टाकलं. हाव, म्याच. सारे जेवाले बसले, कोणी काई बोललं नाई, नुसतं पाणी पेले. अन् तिनं सगळ्याईले माफी मागतली. तिले अजून वाटते का तिचाच हात चुकला. आज बारा वर्षं झाले, मले त्या माफीचा खडा अजून टोचते.

म्हणून सांगतो, हेवा कोणाले होत नाई रे. ताप येते तसा येते. गोधडी घेऊन झोपून राहावं, उतरते. पण तापात उठून गावात हिंडू नोको.

सिंधूले म्हण, अर्धी चटणी इकडे धाड. म्हातारीले विसरू नोको, एवढंच मागणं.

तुही
अक्का

*

पळसवाडी
दि. १४ डिसेंबर २०२३

ती. अक्कास कडूबाचा सा. न. वि. वि.

तू मिठाचं लिहिलंस म्हणून मला धीर आला. मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती.

आठवीत योगिनी नावाची पोरगी आहे. तिचा बाप पुंजाजी आपल्या वावराच्या पलीकडं ओढ्याकाठी मळा करतो. वीस गुंठ्यांचं शेडनेट. त्या गारांच्या रात्री योगिनीची आई कोकिळा जाळी धरायला पळाली, घसरली, पाय मोडला. प्लास्टर आहे. गावातल्या घराला कुलूप लावून सगळे मळ्यात राहायला गेले. आता मिरचीचं क्रॉसिंग चालू आहे. हे बियाण्याचं काम असं, की एका झाडाच्या फुलाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला हातानं लावायचे, एकेका फुलाला, रोज. फूल कोणासाठी थांबत नाही. आईच्या जागी योगिनी उभी राहिली. तिची शाळा सुटली.

मला हे पहिल्या दिवसापासून माहीत. सकाळी वावरात जाताना मला जाळीतून तिचा पिवळा रुमाल दिसतो.

फळ्यावर आठवीचे हजर बेचाळीस झाले. पुंजाजीचा फोन गारांत भिजून बंद. पोरांना ठाऊक नाही, त्या वाटेनं दुसरं कोणी येत नाही. एक तारखेला मॅडमनी सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, कडूबाला विचारा, त्याला गावातली मुंगीसुद्धा माहीत असते. मॅडम माझ्याकडं आल्या. अक्का, मला तेव्हा काय झालं सांगता येत नाही. त्या उभ्या होत्या, हातात ती वही, आणि पहिल्यांदाच त्यांना माझी गरज होती. मी म्हणालो, मामाच्या गावाला गेले असतील, जाफराबादकडं कुठंतरी.

रोज फळ्यावर बेचाळीस लिहिताना त्यांचा हात थांबायचा, ते बघून मला गार वाटायचं. लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं.

मागच्या रविवारी मॅडम खरंच गेल्या. स्कूटीवर, जाफराबादकडं. पाच गावं फिरल्या. पुंजाजीची सासुरवाडी कोणती, प्रत्येक पारावर विचारत. सोमवारी आल्या तेव्हा ओठ फुटलेले, आवाज बसलेला. शिक्षकांच्या खोलीत सांगायला लागल्या तर बाकीचे सर हसले. एका पोरीसाठी पेट्रोल जाळलं, म्हणाले. मीच पाणी नेऊन दिलं. दोन ग्लास प्यायल्या.

आणि काल प्रवेशपत्रं आली. चोवीस तारखेला आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा आहे, देऊळगाव राजाला. योगिनी त्यात बसणार होती. मॅडमनी तिला जुलैपासून शाळा सुटल्यावर शिकवलं होतं. तिचं प्रवेशपत्र त्यांच्या खणात पडून आहे.

आता सांगावं तर सांगायचं कसं? इतके दिवस गप्प का होतास, विचारतील. आणि नाही सांगितलं तर कोणाला कळणार आहे, असंही मन म्हणतं. तू काय म्हणतेस?

चटणी पाठवतोय. राग आला तरी माया आटू देऊ नको.

तुझा
कडूबा

*

खामगाव
दि. १८ डिसेंबर २०२३

कडूबा,

आशीर्वाद मागून देईन. आधी आयक.

म्या मीठ टाकलं तं एका वक्ताची दाळ गेली. तू काय टाकलं, अन् कायच्यात टाकलं, हे तुले समजून राह्यलं का? मॅडमचं काई गेलं नाई. पाच गावं फिरली, पाणी पेली, झालं. जाऊन राह्यलं ते त्या पोरीचं.

तुले आठवत नसन, तू पाळण्यात होता. चौथीत मले शाळेतून काढलं, का तुले पाहाले घरी कोणी नाई म्हणून. मी तुले कडेवर घेऊन दारात उभी राहो. शाळेच्या रस्त्याकडे पाहो. मले वाटे, गुरुजी इचाराले येतीन, का पोरगी काऊन येत नाई. पंधरा दिवस पाह्यलं. कोणी आलं नाई. मंग म्या पाहणं सोडलं. पुढं तुह्याच पाटीवर अक्षरं गिरवून हे दोन शब्द शिकली.

त्या पोरीसाठी कोणी घरून निघालं होतं, कडू. स्कूटी घेऊन निघालं होतं. त्या मॅडमचा रस्ता तू चुकवला.

पत्र भेटन त्याच्या दुसऱ्या दिवशी सांग. तिसऱ्या नाई. मुख्याध्यापकाले नाई, बायकोले नाई, मॅडमले सांग. नोकरी गेली तं खामगावले ये, दोन भाकरी जास्तीच्या टाकीन.

चटणी चांगली होती. माया आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

अक्का

*

पळसवाडी
दि. ३० डिसेंबर २०२३

ती. अक्कास कडूबाचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. शुक्रवारी सांगितलं.

शेवटचा तास झाल्यावर मॅडम प्रयोगशाळेत वह्या तपासत होत्या. मी दारातच उभा राहून सगळं बोलून टाकलं, मामाचं गाव, पिवळा रुमाल, सगळं. फळ्याचा राग येत होता, हे पण सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी विचारलं, मला खोटं सांगून किती दिवस झाले. मी म्हणालो, एकवीस. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग एवढंच म्हणाल्या, की एकवीस दिवस त्या पोरीला वाटत असेल, आपली कोणी चौकशीसुद्धा केली नाही. अक्का, तुमची दोघींची गाठभेट नाही, आणि बोललात एकच.

मग म्हणाल्या, बसा मागं. मी स्कूटीवर त्यांच्या मागं बसून मळ्यात गेलो. चावडीवरचे लोक बघत होते.

योगिनी हातात चिमटा घेऊन फुलांत उभी होती. मॅडमना बघितलं आणि पार शेवटच्या ओळीत जाऊन खाली बसली. बाहेर येईना. मॅडम वाकून आत गेल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. नंतर कळलं, पोरीला वाटलं होतं की पटावरून नाव कापलं.

पुंजाजी वाईट माणूस नाही. पण त्यानं हात जोडले. म्हणाला, बायकोचा पाय संक्रांतीपर्यंत प्लास्टरमध्ये, माणूस मिळत नाही, रविवारी पोरगी परीक्षेला गेली तर त्या दिवसाची फुलं गेली समजा. मी म्हणालो, रविवारी मी उभा राहतो. तो हसला. हे बायकांच्या बोटांचं काम, तुमच्या सायकलच्या हातांचं नाही, म्हणाला. मग मला सिंधूला आणतो म्हणावं लागलं, आणि म्हणून घरी जाऊन सिंधूला सगळं सांगावं लागलं. तिनं ताट वाढलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशी मळ्यात जायला मात्र माझ्याआधी तयार होती.

शनिवारी संध्याकाळी योगिनीनं आम्हांला शिकवलं. कळी हलकी धरायची, दाबायची नाही. पराग बोटानं नुसते टेकवायचे, लिंपायचे नाहीत. माझ्या हातून पहिल्या दहांतल्या सात कळ्या तुटल्या. तिनं मोजल्या.

रविवारी मॅडम तिला घेऊन परीक्षेला गेल्या. नवा ड्रेस मॅडमनी आणला होता. मी जाळीतून दोघींना जाताना पाहिलं. खरं सांगू, मला वाटलं होतं की तिला मी नेणार, फाटकापर्यंत सोडणार, लोक बघणार. त्याऐवजी दिवसभर वाकून फुलं. कंबर अजून सरळ होत नाही. संध्याकाळी पोरगी परत आली ती गणितं सांगतच. दोन चुकली म्हणे, बाकी बरोबर. निकाल यायचा तेव्हा येईल. माझ्या हातच्या फुलांपैकी निम्मी तिसऱ्या दिवशी गळून पडली, तिच्या हातची सगळी टिकली. हे कोकिळानं खाटेवरून हसत सांगितलं.

मंगळवारी प्रार्थनेला आमच्या मुख्याध्यापकांनी, चंद्रशेखर सरांनी, मॅडमचं कौतुक केलं. हरवलेली विद्यार्थिनी शोधून आणली म्हणाले. टाळ्या वाजल्या. मॅडमनी माझ्याविषयी कोणालाही काही सांगितलं नव्हतं, अजूनही सांगितलेलं नाही. माझ्याकडं बघितलं पण नाही. ही दया आहे की शिक्षा, मला कळत नाही. आणि अक्का, तुझ्याशी खोटं कशाला बोलू, त्या टाळ्या ऐकताना मला पुन्हा खुपलं. एवढं सगळं होऊनसुद्धा.

आता कोकिळाचा पाय बरा होईस्तोवर सकाळी सहा ते साडेनऊ मी आणि सिंधू त्यांच्या जाळीत असतो. मग योगिनीला क्यारियरवर घेऊन शाळेत. गुरुवारी चेन पडली. ओढ्यापाशी बसून बसवत होतो, हात काळे झाले, तेवढ्यात शाळेची घंटा ऐकू आली. सव्वीस वर्षांत ती घंटा मी लांबून कधी ऐकली नव्हती. ऐकणार कशी, वाजवायचो मीच. योगिनी म्हणाली, काका, चला ना, मॅडम हजेरी घेतील. मी उठून तिथंच उभा राहिलो आणि सगळे ठोके ऐकले. वाटलं, कुठंतरी चुकेल, एखादा ठोका कच्चा पडेल.

शाळेत पोचलो तर टोला मॅडमच्या हातात. चांगली वाजवली बाईनं, अक्का. तेच तर सहन होत नाही.

पत्राची वाट बघतो. रागावून का होईना, लिहीत राहा, तुझा लोभ मला तेवढ्यातच कळतो.

तुझा
कडूबा