आईला नक्की काय झालं होतं?

जयनगर, बंगलोर
१२ जुलै १९६२

तीर्थस्वरूप ताईस,
धाकट्या प्रमोदिनीचा नमस्कार.

ऑपरेशन होऊन महिना झाला. डावा हात आता वेणी घालण्याइतका वर जातो. शेजारच्या अनुसूयाक्का रोज गरम सारू, म्हणजे इथलं सार, आणून देतात. तेव्हा काळजी करू नकोस.

हे सगळ्यांना सांगतात, साधी गाठ होती. साध्या गाठीसाठी कोणी अख्खा स्तन काढतं का? म्हणून काल ह्यांना बाहेर बसवून मी डॉक्टरांना विचारलं, "माझ्यासारख्या दहाजणींपैकी पाच वर्षांनी किती जिवंत असतात?"

चष्मा पुसत ते म्हणाले, "पाच-सहा. लवकर आल्या तर आठ. पूर्वी तीनही नसत."

"आणि माझ्या वयाच्या? मी चौतीस वर्षांची आहे."

"थोड्या कमी." मग त्यांनीच विचारलं, "आईला कधी असं काही होतं?"

मी नाही म्हटलं. घरी येईपर्यंत माझाच माझ्यावर विश्वास उरला नाही.

आई तापानं गेली, असं तू सांगत आलीस. मग शेवटचे सहा महिने ती मला कुशीत का घेत नव्हती? तिच्या चोळ्या तू परसात का जाळायचीस? मी आठ वर्षांची होते, पण मला दिसत होतं.

खरं काय ते लिही. मी रागावणार नाही. तुझी लेक शुभदा आता विशीची झाली, तिलाही कळायला हवं. आणि तू आजच अंघोळ करताना स्वतःला नीट चाचपून बघ. काही हाताला लागलं तर भाऊजींना विचारत बसू नकोस, तडक दवाखान्यात जा.

उत्तराची वाट पाहणारी,
तुझी प्रमोदिनी