मुखपृष्ठावरचे बारा गोल

नांदुरा, रविवार

आदरणीय देवानंदमामा,

सविनय जयभीम. इकडे सगळे ठीक. मामीचा गुडघा आणि तुमचा खोकला दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. फोनवर चित्र पाठवलं की तुम्ही नुसता अंगठा दाखवता, आणि ती पसंती की ठेंगा हे मला कळत नाही. म्हणून तुमच्या कादंबरीच्या मुखपृष्ठाचा नवा नमुना गुंडाळून जानेफळला येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो आहे. उघडण्याआधी हे वाचा.

बारा वर्षं खपून तुम्ही ती लिहिली आणि भाचा बॅनर छापतो म्हणून विश्वासाने माझ्या हाती दिली, याचं मला ओझंच झालं होतं. सत्तर वर्षांनंतरचं गाव, सरकारने सगळ्यांचे चेहरे जप्त केलेले, माणसांना फक्त नंबर. (वाचली बरं का. पूर्ण वाचली.) पण हाताला वळण वाढदिवसांच्या बॅनरचं. पहिला नमुना पाहून मामीने विचारलंच होतं, साखरपुडा कोणाचा म्हणून. मग सुचलं. बॅनरच्या खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग असते ना, गोलाला गोल लागून? (त्यात कोण आधी, कोण नंतर यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय.) त्या गोलांतले चेहरेच काढून टाकले. वर काळं आभाळ, खाली बारा पांढरे गोल. रात्री दुकानात एकट्याला मलाच ते पाहवेना. म्हटलं, जमलं.

लोक घाबरतात का पाहायला नमुना मोठा छापून दुकानाबाहेर टांगला. कोणी घाबरलं नाही, मामा. तासाभरात शेजारचे उत्तमराव पासपोर्ट फोटो घेऊन हजर. "काऊन बे, मधातला गोल कोणाले देल्ला?" मी चेहरे जप्त झाल्याची सगळी कथा सांगितली. "मंग तं माह्या लावच," म्हणाले, "बाकीच्यायचे होऊ दे जप्त." संध्याकाळपर्यंत अकरा गोलांना मालक मिळाले; फोटो सगळे मी खणात टाकले. तुमच्या सरकारला ही माणसं आवरली नसती.

शेवटी जनकाबाई आल्या. माझ्या दुकानासमोर भाजी विकतात. पदराच्या गाठीतून त्यांनी गेल्या साली वारलेल्या नवऱ्याचा फोटो काढला. "यायचा फोटो कुठीच लागला नाही रे बापू. तुह्याकडे जागा हाये तं लावून दे." श्रद्धांजलीचा बॅनरही कोणी लावला नव्हता, समोर बसून मीसुद्धा नाही. मला फार लाज वाटली. तो फोटो शेवटच्या गोलात ठेवून पाहिला, आणि तेव्हा कुठे बाकीचे अकरा गोल खरोखर रिकामे दिसायला लागले. चेहरा एकही नको, असं तुम्ही बजावलं होतं. पण सोबतच्या नमुन्यात हा एक आहे, एकदा पाहा.

तुमचा भाचा,
प्रसेनजित

ता. क. : 'पाहा' म्हणालो खरं, पण जनकाबाईंना मी हो म्हणून बसलोय. त्यांनी बहिणीला बोलावून दाखवलंही. आता नाही म्हणू नका.

आणखी एक : उत्तमरावांसारखी हौस मला नाही. पण चौदा वर्षांत माझ्या कामावर फक्त माझा फोन नंबर छापला गेलाय. आतल्या पानावर बारीक अक्षरात नाव आलं तर बरं वाटेल. फोटो नको. (तरी गुंडाळीत एक ठेवलाय.)