बाबांच्या मताचा कायदा

कॅन्सस प्रदेश,
ऑक्टोबर १८५५

प्रिय बाबा,

हे पत्र टपालात न टाकता एझ्राच्या ओळखीच्या घड्याळजीबरोबर पाठवते आहे. एकटे असाल तेव्हा वाचा. आम्ही बरे आहोत. मका चांगला झाला. भोपळे तर इतके झालेत, की टॅबिथा त्यांच्यावर बसून ‘आजोबा, पळा’ म्हणत टाचा मारत असते. मार्चमध्ये तुम्ही तिला खांद्यावर बसवून ओढ्यापर्यंत नेलंत, तेव्हापासून ज्यावर बसता येतं ती प्रत्येक वस्तू तिचा आजोबा आहे.

त्या भेटीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तुमच्याबरोबर मिसुरीहून आलेल्या माणसांनी ओढ्याकाठी तंबू ठोकले होते. सगळ्यांच्या कोटाला गुलामीच्या बाजूची खूण म्हणून तागाचा झुबका लावलेला. तुम्ही मात्र संध्याकाळी आमच्याकडे आलात. आमचं धुराडं कोंदलंय हे पाहून कोट काढलात आणि छपरावर चढलात. खाली उतरून जावयाला म्हणालात, “ओहायोवाल्यांची चूलसुद्धा त्यांच्यासारखीच. धूर फार, ऊब कमी.” एझ्रा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मी तुम्हा दोघांना वाढत होते. सकाळी निवडणुकीत तुम्ही एकमेकांविरुद्ध मत द्यायला निघणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशीचं मला एझ्राकडून कळलं. इथले रहिवासी आहात का, असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, “या घटकेला इथेच उभा आहे ना?” आणि मत दिलंत. एझ्राला तुमच्या लोकांनी मतपेटीजवळ जाऊच दिलं नाही. एकाने त्याची गचांडी धरली तेव्हा मात्र तुम्ही मधे पडलात. जावयाच्या अंगाला कुणाचा हात लागू दिला नाहीत, आणि त्याला मतही देऊ दिलं नाहीत. एझ्रा रागावला नव्हता. एवढंच म्हणाला, तुझे बाबा वाईट असते तर सोपं गेलं असतं.

तुम्ही वाईट नाही, हे माझ्याएवढं कुणाला माहीत? या नव्या प्रदेशात गुलाम ठेवता आले नाहीत, तर उद्या मिसुरीतही ठेवता येणार नाहीत आणि माझ्या भावाच्या, वॉरनच्या हाती काही उरणार नाही, ही तुमची भीती. म्हणून तर त्याच्यासाठी तुम्ही नदीच्या अलीकडे जमीन धरलीत. गेल्या पत्रात लिहिलंत, की वॉरनबरोबर नांगर, बियाणं आणि सेली पाठवतो आहे. घरात एक तरी गुलाम असला, की ती जमीन आपल्या बाजूची झाली. नांगर आणि सेली एकाच ओळीत होती, बाबा. ती ओळ वाचून मी चुलीवरचं दूध उतू घालवलं.

सेली तेरा वर्षांची आहे. आई गेली तेव्हा मी तिच्या आईच्या, आपल्या गुलाम व्हायनीमावशीच्या पोटाशी झोपायची. पुढे तिला सेली झाली, तरी मावशीने एका कुशीत तिला आणि दुसऱ्या कुशीत मला घेतलं. मावशी आपल्या घरचीच आहे, असं तुम्ही पाहुण्यांना नेहमी सांगता.

तुम्ही ज्यांना मत दिलंत, त्यांनी या उन्हाळ्यात कायदे केले. पळून आलेल्याला आसरा दिला, तर पाच वर्षं सक्तमजुरी. मत देताना तुमच्या डोळ्यांपुढे बॉस्टनहून आलेले गुलामीविरोधी लोक असतील. मी नसणार.

व्हायनीमावशीला आणि सेलीला तुम्ही नदीकाठी शोधत असाल. शोधू नका. नदीच्या या बाजूला मावशीच्या ओळखीचं एकच घर होतं, ते माझं. पाय सुजले होते तिचे. मी पाणी तापवून दिलं, तर लाजली. माझं लहानपणचंच नाव घेत म्हणाली, “मिलीबाई, मालकांनी मला कधी मारलं नाही. पण माझी लेक कुठे निजणार, हे तेच ठरवतात.” यावर काय बोलायचं, ते तुम्हाला सुचलं तर कळवा.

आता त्या दूर गेल्या आहेत. त्यांना कुणी फूस लावली नाही. जेवायला मी वाढलं, गाडीत घोंगड्या मी घातल्या. हा गुन्हा आहे आणि तक्रार करायची तर मालक म्हणून तुम्हालाच करावी लागेल. एझ्रा म्हणत होता, कळवायचंच तर पत्राखाली नाव तरी घालू नकोस. पण तुमच्या मुलीने काय केलं, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळावं, ते मला सहन होणार नाही. पाच वर्षं मोठी असतात, टॅबिथासाठी फारच मोठी. तरी तुम्ही काय करायचं, ते मी सांगणार नाही. नाताळला तुमची वाट पाहीन. एकटे आलात तर तुमच्यासाठी भोपळ्याचं गोड करेन, शेरीफला घेऊन आलात तर त्यालाही जेवू घालेन. मी कुठे जाणार नाही.

काहीही झालं तरी तुमचीच,
पर्मेलिया