धोकादायक दुकान

१२ नोव्हें., बुध.
आणलं: चुना एक पोतं, २२०. गूळ एक किलो, ५५ (चुन्यात घालायला). आर्वीच्या बाजार ओळीतलं आपलं दुकान, पुढची भिंत पोपडे धरून राह्यली. आणि भाऊजींचा पालिकेत अर्ज: इमारत धोकादायक, पाडू द्या. कॉम्प्लेक्स बांधायचंय. अर्धा हिस्सा माझा, मला विचारलंसुद्धा नाही. हे गेले म्हणजे जणू मीही गेले.

१५ नोव्हें., शनि.
एकादशी. देवळातून आले तर दुकानाच्या दारावरची देवळी रिकामी! गणपती पोत्यात, जिन्याखाली.
"वयनी, पाडाचंच हाय. देव अगुदर काढलेला बरा."
उपासाच्या तोंडी शाप नको म्हणून पोत्यालाच हात जोडले. पण बाप्पा, तुमच्यादेखत सांगते, सोडणार नाही.

१८ नोव्हें., मंगळ.
ज्या जुन्या इमारती जपायच्या, त्यांची पाहणी करणाऱ्या मॅडम गुरुवारी येणार. त्यांच्या यादीत आलं की पाडता येत नाही. भाऊजी रडगाणं गाणार. पण या घरच्या पुरुषांची खोड मी तीस वर्षं पाहिली. परक्यासमोर दुकान बांधणाऱ्या आजोबांचं, आबाजींचं, नाव निघालं की...
चिवडा करून ठेवला.

२० नोव्हें., गुरु.
भाऊजी सुरू: "पाहा मॅडम, पडाले आली."
मी चहा ठेवला, पदर सावरला. "भाऊजी, आबाजींनी लाकूड कुठून आणलं जी? मले काई नीट माहीत नाई."
झालं!
"बल्लारशाचं सागवान, मॅडम! बैलबंडीनं आणलं. हत्ती बांधा ह्या खांबाले! अजून शंभर वर्षं खिळा हलणार नाई."
मॅडम म्हणाल्या, "हे बोलणं मोबाइलवर भरून घेऊ?"
"घ्या नं!" मोबाइलजवळ सरकून पुन्हा सगळं सांगितलं. आबाजींच्या मिशांसकट.
भाऊजींच्या दुसऱ्या चहात साखर जास्त घातली. वाया गेली असं वाटलं नाही.

२१ नोव्हें., शुक्र.
"वयनी, तुम्ही मले फसवलं."
"मी तं चहाच देला, भाऊजी."
गणपती त्यांच्याच हातानं देवळीत बसवून घेतला. म्हटलं, स्टुलावर माझ्यानं चढवत नाही. (चढवतं.)

२४ नोव्हें., सोम.
भाऊजी रोज पालिकेत चकरा मारून राह्यले. आतून काही कळेना. चुना भिजत घातला आहे.
मॅडमना पत्र टाकलं. नक्कल:
"दिरांचे मोबाइलवर भरलेले बोलणे पालिकेच्या साहेबांना ऐकवावे, दीर समोर बसले असताना. आमचे दुकान जपायच्या यादीत आले की पाडायच्या, ते उलट टपाली कळवावे."